सुविधा व्यवस्थापनातील प्राधान्यक्रम

सुविधा व्यवस्थापनातील प्राधान्यक्रम म्हणजे इमारत व तिच्यातील यंत्रणा सांभाळताना मर्यादित मनुष्यबळ, वेळ आणि निधी कोणत्या कामाकडे प्रथम वळवावा, हे ठरविण्याची पद्धत होय. रुग्णालये, कार्यालये, विमानतळ व मोठी निवासी संकुले येथे ही जबाबदारी सुविधा व्यवस्थापकाकडे असते. या क्षेत्रातील व्यवस्थापन प्रणालीसाठीचे आयएसओ ४१००१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

निकष

कामांचा क्रम सामान्यतः बिघाडाची शक्यता आणि त्याच्या परिणामाची तीव्रता यांवरून लावला जातो. जीवितसुरक्षेला अग्रक्रम मिळतो; त्यानंतर कायदेशीर बंधने, सेवेचे सातत्य, मालमत्तेचे जतन आणि शेवटी सोय व शोभा यांचा विचार होतो. एकाच यंत्रणेचे महत्त्व सर्वत्र सारखे नसते. कार्यालयातील वातानुकूलन बंद पडल्यास गैरसोय होते. शस्त्रक्रियागृहात किंवा सर्व्हर कक्षात तोच बिघाड तातडीचा ठरतो.

तक्रारी आणि राखीव यंत्रणा

प्रत्यक्षात कामांचा क्रम अनेकदा तक्रार नोंदवहीच ठरवते. गळका नळ, बंद दिवा किंवा अडलेली लिफ्ट यांची तक्रार लगेच येते. अग्निशमन पंप, धूरशोधक व राखीव जनित्र मात्र एरवी स्तब्ध असतात. त्यांतील दोषाची झळ कोणालाच बसत नसल्यामुळे तो चाचणी घेतल्यावाचून कळत नाही. उतरलेली बॅटरी किंवा चुकून बंद राहिलेली झडप नेमकी आणीबाणीच्या वेळी उघडकीस येते. खर्चकपातीत प्रथम पुढे ढकलली जाते ती अशाच यंत्रणांची प्रतिबंधात्मक देखभाल. म्हणून त्यांच्या चाचण्यांसाठी वेळ व निधी आधीच राखून ठेवणे, आणि तक्रारींच्या दबावाखालीही तो इतरत्र न वळविणे, हे या क्षेत्रातील नेतृत्वाचे मुख्य काम मानले जाते.

कोलकाता येथील दुर्घटना

९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्यातील ढाकुरिया येथील एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तळघरात ज्वलनशील वस्तू साठविलेल्या होत्या. धूर वरच्या मजल्यांवर पसरून सुमारे ९० जणांचा मृत्यू झाला; त्यांतील बहुतेक रुग्ण होते व अनेकजण गुदमरून दगावले. तळघराचा वापर ही वरवर पाहता केवळ जागेच्या नियोजनाची बाब.

महाराष्ट्रातील तरतूद

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन ते वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते.