रुमालाखालचा भाव आणि लहरींचा लिलाव

तुर्भ्यात लिलाव म्हणजे काय हे मी सांगायला नको. कांदा-बटाटा मार्केट इथेच आहे. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची बाजारातली जुनी रीतही तुम्हाला ठाऊक. शेजाऱ्याने किती लावला, ते कळतच नाही.

1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. त्याच वर्षी सरकारने टेलिफोनचे परवाने बंद लिफाफ्यांतून विकले. म्हणजे रुमालच की! कंपन्यांनी अंधारात भरमसाट आकडे लावले, पैसे थकले, आणि 1999 च्या धोरणाने त्यांना महसुलातल्या वाट्यावर आणलं. 2008 मध्ये तर बोलीच नाही, ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’. ते 122 परवाने न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केले.

2010 चा थ्रीजी लिलाव मात्र उघड, सगळ्या सर्कलचा एकाच वेळी, फेरीफेरीने झाला. मिलग्रम आणि विल्सन यांनी अमेरिकेच्या 1994 च्या लिलावासाठी बांधलेल्या पद्धतीचाच हा भाऊबंद. दुसऱ्याचा अंदाज दिसला की फसण्याचं भय घटतं. 34 दिवस, 183 फेऱ्या, सुमारे 67,700 कोटी रुपये.

पण त्याला गिऱ्हाइकं लागतात. 2024 मध्ये तीनच कंपन्या उरल्या होत्या. सात फेऱ्यांत आटोपलं. 96 हजार कोटींच्या मालातला जेमतेम 11,341 कोटींचा उचलला गेला.