युनिव्हर्सलचे भयपट व त्यांचा चाहतावर्ग
अमेरिकेतील युनिव्हर्सल या चित्रपटसंस्थेने मुख्यतः 1931 ते 1948 या काळात काढलेल्या कृष्णधवल भयपटांचा पाया ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ (दोन्ही 1931) यांनी घातला. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षसाचा चेहरा रंगभूषाकार जॅक पिअर्स याने कापूस आणि कलोडियन (वाळल्यावर पापुद्रा धरणारे चिकट द्रावण) यांचे थर चढवून घडविला, या कामाला दररोज सुमारे चार तास लागत, तरीही राक्षसाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफची जड पापण्यांआडची केविलवाणी नजर झाकली गेली नाही, आणि प्रेक्षकांचा जीव या राक्षसात गुंतला तो बहुधा तिच्यामुळेच. आरंभीच्या श्रेयनामावलीत मात्र कार्लॉफच्या नावाऐवजी नुसते प्रश्नचिन्ह होते! 1957 मध्ये यांतील अनेक चित्रपटांसह 52 जुन्या चित्रपटांचा ‘शॉक’ हा संच अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्रांना मिळाला. भुताटकीचा वेश केलेले निवेदक ते रात्री उशिरा थट्टामस्करी करत सादर करू लागले, तेव्हा ते चित्रपटगृहात कधीच न पाहिलेली शाळकरी पिढी त्यांची भक्त बनली. याच पिढीसाठी 1958 मध्ये फॉरेस्ट अॅकरमन यांच्या संपादनाखाली ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे नियतकालिक निघाले. हॅलोविनला (31 ऑक्टोबर) मुले आजही जो चपट्या डोक्याचा मुखवटा चढवतात, तो मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या मूळ कादंबरीतला नसून पिअर्सच्या हातचा आहे.