गेम बॉयसाठी आजही नवे गेम कसे बनतात? फ्लॅश कार्ट्रिज आणि त्यामागची टूल्स, सोप्या भाषेत

नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेममध्ये आपण जी ‘कॅसेट’ खोचायचो, तिचं खरं नाव कार्ट्रिज. तिच्यात टेप नसायची, मेमरी चिप असायची. गेम कारखान्यातच कायमचा भरलेला असल्यामुळे तो पुसून दुसरा टाकता येत नसे. फ्लॅश कार्ट्रिजने हीच अडचण सोडवली. निन्टेन्डोच्या गेम बॉयचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ. हा कन्सोल २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये बाजारात आला.

फ्लॅश कार्ट्रिज म्हणजे काय?

पुन्हा पुन्हा लिहिता येणारी कार्ट्रिज. हिचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्यात एकच फ्लॅश चिप असते आणि यूएसबी रायटर वापरून कॉम्प्युटरवरून तिच्यात गेम भरतात. दुसऱ्यात एसडी कार्ड बसतं. त्यावर फाइल कॉपी करायची आणि कन्सोल सुरू केल्यावर मेनूतून गेम निवडायचा. ‘एव्हरड्राइव्ह’ हे या दुसऱ्या प्रकारातलं प्रसिद्ध नाव. दोन्ही प्रकारांत कन्सोल उघडावा लागत नाही.

गेम कशात लिहितात?

गेम बॉयमध्ये सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ८ केबी मुख्य रॅम, १६० × १४४ पिक्सेलचा स्क्रीन आणि फक्त ४ छटा. त्यामुळे गेम कॉम्प्युटरवर लिहून या वेगळ्या प्रोसेसरला समजेल अशा फाइलमध्ये बदलावा लागतो. त्यासाठी तीन मोफत, ओपन सोर्स टूल्स लोकप्रिय आहेत:

• आरजीबीडीएस : असेम्ब्ली भाषेसाठी. मेहनत जास्त, पण हार्डवेअरवर पूर्ण ताबा.
• जीबीडीके-२०२० : सी भाषेसाठी. याच टूलने सेगा गेम गिअर आणि एनईएससाठीही गेम बनवता येतात.
• जीबी स्टुडिओ : कोड न लिहिता, चित्रं आणि घटना जोडून गेम बनवण्यासाठी.

ही तिन्ही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात. म्हणूनच त्यांना क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. एका मित्राकडे विंडोज आणि दुसऱ्याकडे लिनक्स असला, तरी दोघांना एकाच गेमवर काम करता येतं.

लोगोची गंमत

गेम बॉय सुरू होताच कार्ट्रिजमधला ४८ बाइटचा निन्टेन्डो लोगो आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून पाहतो. एक बाइट चुकला तरी कन्सोल तिथेच थांबतो. त्यानंतर कार्ट्रिजच्या माहितीचा चेकसमही तपासला जातो. आरजीबीडीएसमधलं ‘आरजीबीफिक्स’ हे टूल या दोन्ही गोष्टी फाइलमध्ये बरोबर भरून देतं.

एम्युलेटर असताना कार्ट्रिज कशाला?

एम्युलेटरवर गेम चालला म्हणजे खऱ्या कन्सोलवर चालेलच असं नाही. गेम बॉय स्क्रीनवरची ओळ काढत असताना व्हिडिओ मेमरीत लिहायला गेलात, तर ते लिखाण वाया जातं. ढिला एम्युलेटर मात्र ते चालवून घेतो. तसंच कन्सोल सुरू होताना रॅममध्ये काहीही आकडे असू शकतात. काही एम्युलेटर तिथे सरळ शून्य ठेवतात, त्यामुळे चूक लपून राहते. म्हणून रोजची तपासणी सेमबॉय किंवा एमजीबीएसारख्या काटेकोर एम्युलेटरवर करावी आणि शेवटची खात्री खऱ्या कन्सोलवरच.

विकत घेण्याआधी काय पाहाल?

• गेम बॉय कार्ट्रिजला ५ व्होल्ट देतो. काही स्वस्त कार्ट्रिजमध्ये ३.३ व्होल्टची चिप थेट जोडलेली असते. अशी कार्ट्रिज टाळलेली बरी.
• गेम ‘सेव्ह’ कसा होतो? बॅटरीवर होत असेल, तर बॅटरी संपल्यावर तो पुसला जाऊ शकतो.

हे कायदेशीर आहे का?

स्वतः बनवलेला किंवा बनवणाऱ्याच्या परवानगीने मिळालेला गेम चालवायला काहीच हरकत नाही. पण दुसऱ्याचा गेम इंटरनेटवरून फुकट उतरवणं हा कॉपीराइटचा भंग ठरतो. ‘आता तो दुकानात मिळतच नाही’ ही सबब चालत नाही, कारण १९८९ च्या गेमवरचा कॉपीराइटही अजून संपलेला नाही.

थोडक्यात, सुरुवात करायला खर्च शून्य आहे. आधी जीबी स्टुडिओ आणि एम्युलेटरवर छोटा गेम पूर्ण करा. कार्ट्रिजवर पैसे त्यानंतरच घाला.