लिंझर बिस्किटे
७. लिंझर बिस्किटे : ऑस्ट्रियातील लिंझ शहराच्या नावाने ओळखली जाणारी, नाताळपूर्व आगमनकाळात घरोघरी भाजली जाणारी जोडबिस्किटे. त्यांचे मूळ लिंझर टोर्ट या केकमध्ये आहे. त्याची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी कृती १६५३ सालच्या हस्तलिखितात असून ते आडमोंटच्या मठात जपलेले आहे. पीठ मैदा, थंड बटर, पिठीसाखर आणि बारीक दळलेले बदाम किंवा हेझलनट यांचे. ते गोळा होईल इतकेच मळायचे; जास्त मळले की बिस्किट चिवट होते, आणि खुसखुशीतपणा हाच तर याचा प्राण. वरच्या चकतीला भोके पाडून, भाजून, पिठीसाखर भुरभुरून ती जॅम लावलेल्या चकतीवर ठेवतात. जॅम बहुधा लाल करंटचा, कारण त्याच्या आंबटपणाने बटरचा जडपणा कमी होतो. आपल्याकडे तो सहज मिळत नाही; रासबेरीचा चालतो. मिक्स फ्रूट जॅम फार गोड पडतो, त्यात लिंबू पिळावे. करून पाहणाऱ्या वाचकांनी ती लगेच वाढू नयेत. जॅमचा ओलावा शिरेपर्यंत एक रात्र झाकणाच्या डब्यात राहू द्यावीत.