स्वयंचलित डायल-अप जोडणी

एखाद्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरील पत्ता मागताच संगणकाने मोडेमकरवी आपणहून दूरध्वनी क्रमांक फिरविणे, म्हणजे स्वयंचलित डायल-अप जोडणी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. त्यानंतर काही वर्षे घरे व लहान कार्यालये यांची मदार मुख्यतः दूरध्वनीच्या तारेवरच होती. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर आणि तारापूर औद्योगिक वसाहतीलगतचे बोईसर मुंबईच्या महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्राबाहेर होते. तेथे २००० पासून भारत संचार निगमची सेवा आली.

'विंडोज ९८ सेकंड एडिशन'पासून एकाच संगणकाची जोडणी कार्यालयातील इतरांना वाटून घेता येऊ लागली. मात्र, त्यांपैकी कोणत्याही संगणकाने ई-मेल तपासली वा विषाणुरोधक प्रोग्रॅमने नवी माहिती मागितली, तरी मुख्य संगणक क्रमांक फिरवू शके. कार्यालयात एकच तार असल्यास बाहेरून फोन करणाऱ्यास ती व्यग्र लागे आणि वेळेनुसार आकारणीमुळे बिलही फुगे. काही घातक प्रोग्रॅम तर गुपचूप परदेशातील महागडे क्रमांक फिरवीत. 'इंटरनेट एक्सप्लोरर'मध्ये 'कधीही डायल करू नये' हा पर्याय निवडणे, प्रोग्रॅमची नियतकालिक तपासणी थांबविणे आणि काम संपताच मोडेम बंद करणे, हे त्यावरील साधे उपाय होते.