मोटारीचेही वाहन असते!

गणपतीला उंदीर, शंकराला नंदी, विष्णूला गरुड. देवांना वाहन लागते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण जी मोटार स्वतःच एक वाहन आहे, तिलाही दुसरे वाहन लागते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शर्यतीची मोटार साध्या रस्त्यावर चालवता येत नाही. जुन्या, हौसेने जपलेल्या मोटारीला लांबचा पल्ला झेपत नाही. नवी मोटार तर गिऱ्हाइकाला कोरीच हवी असते. या गरजांतून जगभर मोटारी वाहून नेणाऱ्या मोठ्या चमत्कारिक गाड्या तयार झाल्या. त्यांचा इतिहास पाहिला, की कोणत्या काळी कोणती गोष्ट मोलाची होती आणि कोणती स्वस्त होती, हेही कळून येते.

मुळात ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. भुसावळहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोहोचली, तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पण रेल्वेने जाणाऱ्या बड्या लोकांना पुढच्या गावी स्वतःचीच घोडागाडी हवी असे. त्यासाठी उघड्या, सपाट वाघिणी असत. फलाटाच्या टोकाला उतार बांधून त्यावरून घोडागाडी वाघिणीवर चढवीत आणि चाकांना ओंडके लावून ती घट्ट बांधून टाकीत. पुढे संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या मोटारींनी हीच वाट धरली. टोकाकडून चढवणे, चाके जखडणे आणि दुसऱ्या टोकाला उतरवणे, ही पद्धत आजही फारशी बदललेली नाही.

जिथे रेल्वेही नव्हती आणि रस्ताही नव्हता, तिथे काय करीत? काठमांडूला मोटाररस्त्याने भारताशी जोडणारा त्रिभुवन राजपथ १९५६ मध्ये पुरा झाला. पण राणा सरदारांच्या मोटारी काठमांडूच्या रस्त्यांवर त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होत्या. त्या माणसांच्या खांद्यांवरून तिथे गेल्या. चाके काढून मोटार बांबूंच्या चौकटीवर बांधायची आणि पन्नास-साठ हमालांनी ती भीमफेदीपासून डोंगरांच्या खिंडी ओलांडून खोऱ्यात उतरवायची, अशी ती रीत होती. त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. मोटार चकचकीत आणि तिच्याखाली अनवाणी पायांची रांग! पेट्रोलची गाडी माणसाच्या श्वासावर चालत होती.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण जर्मनीतले आहे. १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझ कंपनी ग्रांप्री शर्यतीत पुन्हा उतरली. शर्यती युरोपभर होत आणि कारखाना श्टुटगार्टला. शर्यतीची मोटार दुरुस्तीसाठी कारखान्यात न्यायची आणि वेळेवर परत मैदानात आणायची, तर ट्रकचा वेग पुरेना. म्हणून कंपनीच्या चाचणी विभागाने एकच खास गाडी बांधली. तिचा सांगाडा कंपनीच्या आलिशान मोटारीचा होता आणि इंजिन होते ३०० एसएल या प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटारीचे, १९२ अश्वशक्तीचे. चालकाची केबिन पुढच्या चाकांच्याही पुढे आणि पाठीवर एक शर्यतीची मोटार. हे ओझे घेऊन ती ताशी १६०-१७० किलोमीटर वेगाने धावे. निळ्या रंगामुळे लोक तिला ‘निळे आश्चर्य’ म्हणू लागले. १९५५ अखेर कंपनीने शर्यती सोडल्या आणि १९६७ मध्ये ही गाडी चक्क भंगारात निघाली. पुढे कंपनीला पश्चात्ताप झाला असावा. जुन्या छायाचित्रांवरून तिने हुबेहूब दुसरी गाडी बांधवून घेतली आणि ती २००१ मध्ये लोकांसमोर आणली.

आता योगायोग पाहा. त्याच १९५४ साली त्याच जर्मन कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला टेल्कोच्या कारखान्यात ट्रक तयार होऊ लागले. ज्या जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांच्याच नावाचे हे गाव. पण तिथून निघालेल्या ट्रकच्या चॅसिसला कुठले वाहन? ती स्वतःच्याच चाकांवर निघे. वर बॉडी नाही, केबिन नाही, दार नाही, छप्पर नाही. लाकडी फळकुटाचे आसन, डोळ्यांना गॉगल, डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेले फडके, अशा थाटात ड्रायव्हर शेकडो किलोमीटर अंतर तोडत असे. पूर्वेकडून येणाऱ्या महामार्ग क्रमांक ६ वर, म्हणजे आजच्या ५३ वर, भंडाऱ्याकडून नागपूरकडे येणाऱ्या चॅसिसच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मे महिन्यातला तो प्रवास म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. जर्मनीत वेळ महाग होता, आपल्याकडे ड्रायव्हरचे अंग स्वस्त होते. मध्यम आणि जड ट्रकची केबिन वातानुकूलित असणे आपल्याकडे सक्तीचे झाले, ते थेट २०२५ मध्ये!

अमेरिकेत प्रश्न जागेचा होता. शेव्हरोले व्हेगा ही छोटी मोटार १९७० मध्ये बाजारात आली. ती स्वस्त विकायची, तर वाहतूकही स्वस्त हवी. नेहमीच्या तिमजली वाघिणीत अशा १८ मोटारी मावत. जनरल मोटर्स आणि सदर्न पॅसिफिक रेल्वेने डोके चालवले आणि मोटारी नाक खाली करून उभ्याच टांगल्या. वाघिणीच्या बाजूला बिजागऱ्यांची दारे होती. आडव्या पाडलेल्या दारावर मोटार चढवून बांधायची आणि दार उचलून बंद करायचे. एका वाघिणीत मोटारी झाल्या ३०. मात्र तेल, पेट्रोल आणि बॅटरीतले आम्ल सांडू नये म्हणून मोटारीची रचनाच त्या बेताने करावी लागली. वाहनासाठी मोटार बदलली, असे हे दुर्मीळ उदाहरण. १९७७ मध्ये व्हेगा बंद पडली आणि त्या वाघिणींचे कामही संपले.

आपल्या रेल्वेने काढलेली युक्ती मात्र खास आपल्या स्वभावाला शोभणारी आहे. प्रवासी डब्याचे आयुष्य ठरलेले असते. ते सरत आले की डबा भंगारात जायचा. त्याऐवजी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यातले बाक, पंखे, संडास काढून टाकतात, खिडक्या पत्रा ठोकून बंद करतात आणि दोन्ही टोकांना मोठी दारे बसवतात. अशा डब्याला ‘एनएमजी’ म्हणतात. डबे एकामागे एक जोडले आणि मधल्या फटीवर लोखंडी पाट टाकले, की मोटारी एका टोकाने शिरून बोगद्यातून जाव्यात तशा थेट पुढच्या डब्यापर्यंत जातात. साधारण २१ मीटर लांबीच्या डब्यात चार-पाच छोट्या मोटारी बसतात. पुढे मोटारींसाठी मुद्दाम बांधलेल्या दुमजली वाघिणीही आल्या. मारुतीच्या एकूण मोटारींपैकी रेल्वेने जाणाऱ्यांचे प्रमाण २०१४-१५ मध्ये सुमारे पाच टक्के होते, ते २०२४-२५ मध्ये २४ टक्क्यांवर गेले. जितक्या मोटारी रुळांवर, तितके लांबलचक ट्रेलर रस्त्यावर कमी.

कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा मार्गावर भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवले. २०२५ च्या गणेशोत्सवात तिने खासगी मोटारींसाठीही ही सोय देऊ केली. एका फेरीत ४० मोटारी आणि मोटारीमागे ७,८७५ रुपये. घोडागाडी रेल्वेवर चढवणाऱ्या साहेबाची चैन अशी चाकरमान्यांच्या दारात आली.

पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन्ही लोहमार्ग आपल्या नागपुरात एकमेकांना भेटतात. त्यामुळे फलाटावर उभे असताना पत्र्याने खिडक्या बुजवलेली एखादी गाडी समोरून जाते. तिचे डबे नीट पाहावेत. त्यांच्यातूनच कधीतरी आपण पाय ठेवायला जागा नसताना, दाराच्या दांड्याला धरून उभ्याने गेलेलो असतो. आता तिथे मोटारी ऐसपैस बसून जातात. त्यांचा हेवा वाटला तरी एक समाधान आहे. या वाहनाखाली कुणाचे खांदे नाहीत आणि उन्हात कुणाचे तोंड भाजत नाही.