लूव्हर (वायुवीजन)

लूव्हर म्हणजे हवा खेळती राहावी व पाऊस आत येऊ नये, यासाठी भिंतीतील झरोक्यावर बसवलेली तिरप्या पट्ट्यांची चौकट होय. साधी जाळी पाऊस अडवत नसल्याने ती मुख्यतः इमारतीच्या आत, डक्टच्या तोंडाशी वापरतात.

निवड करताना चौकटीच्या मापापेक्षा पट्ट्यांमधील मोकळे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते. १ चौ.मी. लूव्हरमध्ये ते ५० टक्के असल्यास, सेकंदाला १ घनमीटर हवा ओढताना तिचा सरासरी वेग २ मी./से. होतो. मागे बसवलेली डासांची जाळी हे क्षेत्रफळ आणखी घटवते. वेग वाढल्यास पावसाचे थेंबही आत ओढले जातात.

सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी असलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांत जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांसह मुसळधार पाऊस पडतो. त्यामुळे तेथे वाऱ्याच्या दिशेकडील भिंतीवर मोठ्या आकाराचे, पाण्याचा निचरा करणारे लूव्हर योग्य ठरतात.